पारदर्शक भागांतील दोष कॅमेऱ्याने कसे पकडावेत

वाहनाच्या दिव्यावर बसणारे पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक कव्हर तपासणारी अनुभवी तपासनीस ते हातात घेते, ट्यूबलाइटच्या दिशेने धरते आणि लगेच मनगट हलवू लागते. कव्हर क्षणभर उजेडासमोर येते, क्षणभर काळ्या टेबलासमोर जाते, मग तिरपे होते आणि या चार-पाच सेकंदांत कुठल्यातरी एकाच कोनात ओरखडा चमकून जातो. त्याच जागी कॅमेरा बसवताना बहुतेक ठिकाणी हे मनगट विसरले जाते. कॅमेरा महागडा घेतला जातो, संगणकही ताकदीचा येतो. पण प्रकाश एकाच बाजूने आणि एकाच कोनातून पडत राहतो आणि महिनाभरात ती व्यवस्था बंद करून तपासनीसांना पुन्हा बोलावले जाते. पारदर्शक भागांच्या तपासणीत मनगटाचे काम प्रकाशयोजनेने करायचे असते. ते कसे साधावे, हे येथे एका ठरावीक उदाहरणावरून सांगतो. कव्हर ८० मिमी व्यासाचे, ३ मिमी जाडीचे आणि किंचित फुगीर आहे आणि ०.१ मिमीपर्यंतचा दोष सापडायला हवा आहे. पुण्याजवळच्या चाकण पट्ट्यात असे भाग मोठ्या संख्येने तयार होतात. तथापि पद्धत ॲक्रिलिकच्या किंवा काचेच्या भागांनाही लागू पडते.

दोष म्हणजे प्रकाशाचे काय होते?

धातूच्या भागावरचा डाग आपल्याला दिसतो, कारण भागाचा पृष्ठभाग प्रकाश परत पाठवतो आणि डाग तो कमी पाठवतो. पारदर्शक भागात हा आधारच नसतो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५८५ आहे, त्यामुळे सरळ पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून जेमतेम ५ टक्के प्रकाश परततो आणि उरलेला आत शिरून पलीकडे जातो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ असल्याने तेथे हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे कॅमेऱ्याला भाग जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती भागामागची पार्श्वभूमी आणि भागाने तिच्यात केलेला फेरफार. म्हणून प्रत्येक दोषाबाबत पहिला प्रश्न असा विचारावा की, हा दोष त्याच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे नेमके काय करतो?

काळा ठिपका, म्हणजे मोल्डिंग यंत्राच्या बॅरलमध्ये (प्लास्टिक वितळवणाऱ्या तापत्या नळीत) जळालेल्या प्लास्टिकचा कण, प्रकाश शोषून घेतो. ओरखडा आणि कच्च्या मालातील ओलाव्यामुळे उमटणारे चंदेरी पट्टे प्रकाश विखुरतात. हवेचा बुडबुडा, फ्लो मार्क (साच्यात प्लास्टिक वाहताना राहिलेली खूण) आणि पृष्ठभागावरची लाट प्रकाश वळवतात. बुडबुडा तो जोरात वळवतो, तर फ्लो मार्क इतका अलगद वळवतो की एरवी पत्ताही लागत नाही. गेटजवळ, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरते त्या तोंडाजवळ, गोठून राहिलेला ताण प्रकाशाला फारसे वळवत नाही आणि शोषतही नाही. तो फक्त त्याचे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, बदलतो. ही चार वेगवेगळी कामे एकाच दिव्याखाली उठून दिसतील, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

खरेदीआधी करावयाचे काम

सर्वप्रथम दोषी नमुने गोळा करावेत. प्रत्येक प्रकारच्या दोषाचे किमान २५-३० नमुने मिळवावेत आणि त्यांत ढोबळ दोषांपेक्षा सीमेवरचे, म्हणजे ज्यांच्याबद्दल दोन तपासनीसांचे मतभेद होतात असे, नमुने अधिक असावेत. प्रत्येक नमुना स्वतंत्र मऊ पिशवीत ठेवावा, अन्यथा पेटीत एकमेकांवर घासून नमुन्यांवर नवेच ओरखडे पडतात आणि पुढच्या सगळ्या चाचण्या फसव्या ठरतात. दोषांची नावेही याच वेळी पक्की करून घ्यावीत. एका पाळीत ज्याला फ्लो मार्क म्हणतात त्याला दुसऱ्या पाळीत वेल्ड लाइन (प्लास्टिकचे दोन प्रवाह जुळल्याची रेघ) म्हटले जात असेल, तर यंत्राला शिकवायचे तरी काय, असा पेच उभा राहतो. स्वीकाराची मर्यादा भागाच्या क्षेत्रानुसार लिहून घ्यावी. कव्हरच्या मधल्या भागात ०.१ मिमीचा बुडबुडाही चालत नसेल, पण कडेच्या, रबरी सीलखाली झाकल्या जाणाऱ्या पट्टीत ०.५ मिमीचा चालत असेल, तर हे दोन्ही आकडे गुणवत्ता विभागाच्या आणि ग्राहकाच्या सहीनिशी कागदावर असायला हवेत.

त्यानंतर एका अंधाऱ्या खोलीत बसून घरगुती साहित्यानिशी चाचणी करावी. काळा पुठ्ठा, पांढरा कागद, चांगली टॉर्च, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची छापील शीट, एलसीडी पडद्याचा लॅपटॉप आणि पोलरॉइड फिल्मचा एक तुकडा इतके पुरते. नमुना काळ्या पुठ्ठ्यासमोर धरून टॉर्चचा प्रकाश अगदी तिरपा पाडावा. मग पांढऱ्या कागदासमोर पाहावे. मग पट्ट्यांच्या शीटपासून हातभर दूर धरून त्याच्या आरपार पट्ट्या पाहाव्यात. एलसीडी पडद्यातून बाहेर पडणारा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत असतो. म्हणून पांढऱ्या पडद्यासमोर फिल्म फिरवून पडदा काळा करावा आणि मधे नमुना धरावा, म्हणजे गोठलेला ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपात दिसतो. कोणता दोष कशात दिसला आणि कशात लपला, याची वहीत नोंद करावी. पुढची सगळी खरेदी या वहीवरूनच ठरते, आणि या एका दुपारच्या कामाने जितका पैसा वाचतो तितका नंतरच्या कुठल्याही हुशारीने वाचत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मागून येणारा प्रकाश

भागामागे उजळ फलक आणि समोर कॅमेरा, ही सर्वांत सोपी रचना होय. काळे ठिपके, अपुरा भरलेला भाग, कडेला आलेला फ्लॅश (साच्याच्या फटीतून निसटलेले जादा प्लास्टिक) हे तिच्यात चांगले दिसतात. मात्र येथेच एक चूक वारंवार होते. मोठा, एकसारखा पसरट प्रकाश देणारा बॅकलाइट भागाला चिकटवून ठेवला की चित्र सुंदर, स्वच्छ दिसते, आणि नेमके म्हणूनच प्रकाश वळवणारे दोष त्यातून नाहीसे होतात. बुडबुड्याने किरण वीस अंशांनी वळवला, तरी त्या वळलेल्या दिशेलाही उजळ फलकच असतो. मग कॅमेऱ्याच्या दृष्टीने काहीच बदलले नाही.

उपाय म्हणजे फलकाचा भागापासून दिसणारा कोन कमी करणे. १०० मिमी त्रिज्येचा फलक भागापासून १०० मिमी अंतरावर असेल, तर त्याचा अर्धकोन ४५ अंश होतो. तोच फलक ५०० मिमी दूर नेला की अर्धकोन सुमारे ११ अंशांवर येतो. आता तितक्याहून अधिक वळलेला किरण फलकाबाहेरच्या काळोखातून आलेला असतो आणि बुडबुड्याभोवती ठळक काळे कडे उमटते, ज्याच्या मध्यभागी उजळ ठिपका असतो, कारण मधून जाणारे किरण सरळच जातात. यापेक्षाही सूक्ष्म वळण पकडायचे असेल, तर समांतर किरण देणारा बॅकलाइट आणि टेलिसेंट्रिक लेन्स (जी फक्त समांतर येणारे किरणच आत घेते) अशी जोडी वापरावी. ती महाग पडते, शिवाय लेन्सचा पुढचा व्यास भागापेक्षा मोठा असावा लागतो, त्यामुळे ८० मिमीच्या कव्हरसाठी ती चांगलीच जड होते. कव्हर फुगीर असल्यास ते स्वतःच किरण वळवते, म्हणून कडेचा भाग काळवंडतो. तेथे फलक थोडा जवळ आणून तडजोड करावी लागते.

बाजूने येणारा प्रकाश

ज्या रचनेत कॅमेऱ्याला काळी पार्श्वभूमी दिसते आणि प्रकाश बाजूने इतका तिरपा येतो की चांगल्या भागातून एकही किरण लेन्समध्ये शिरत नाही, तिला डार्क फील्ड म्हणतात. तिच्यात ओरखडा, चंदेरी पट्टा आणि धूळ काळ्या आकाशातल्या चांदण्यांसारखी चमकतात. ओरखड्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे: प्रकाश ओरखड्याला आडवा पडला तर तो झळकतो, त्याच्या लांबीच्या दिशेने पडला तर जवळजवळ अदृश्य राहतो. म्हणून चारही बाजूंना दिवे लावावेत, पण ते एकदम पेटवू नयेत. एकेक बाजू पेटवून चार स्वतंत्र चित्रे घ्यावीत आणि प्रत्येक बिंदूसाठी चारांपैकी सर्वांत उजळ मूल्य ठेवावे. चारही दिवे एकत्र लावल्यास कडांची झगमग एकमेकींत मिसळते आणि बारीक ओरखडा तिच्यात बुडतो.

भागाच्या कडेतून आत शिरलेला प्रकाश हीदेखील उपयोगी युक्ती आहे. पॉलिकार्बोनेटसाठी क्रांतिक कोन सुमारे ३९ अंश असल्याने असा प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतल्या आत उड्या मारत राहतो आणि जेथे पृष्ठभाग खरवडलेला असेल किंवा आत बुडबुडा असेल तेथेच बाहेर पडतो. सपाट भागांवर ही युक्ती फार छान चालते. कव्हरला खाचा आणि खुंट्या असतील तर मात्र प्रकाश त्यांच्यातूनच गळून जातो.

पट्ट्यांतून पाहणे आणि ध्रुवीकरण

फ्लो मार्क आणि लाटा यांच्यासाठी वरच्या दोन्ही रचना अपुऱ्या पडतात. या कामाचा वारसा जुना आहे: काचेतील असमानतेच्या रेघांना जर्मन भाषेत श्लीरेन म्हणतात आणि ऑगस्ट ट्योप्लर यांनी १८६४ मध्ये प्रकाशझोताच्या वाटेत धारदार कड आणून त्या रेघा उठावदार दाखवण्याची पद्धत मांडली, तिलाही पुढे हेच नाव पडले. कारखान्यात तीच गोष्ट पट्ट्यांनी सोपी होते. भागामागे पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवाव्यात आणि आरपार पाहावे. जेथे भाग प्रकाश वळवतो तेथे पट्टी वाकडी दिसते. पट्ट्या दर वेळी पाव आवर्तनाने सरकवून चार चित्रे घेतली, तर प्रत्येक बिंदूवर पट्टी किती सरकली हे गणिताने काढता येते आणि पट्टीच्या रुंदीच्या लहानशा अंशाइतके विचलनही मोजता येते. कॅमेऱ्याचा फोकस भागावर ठेवावा. मागच्या पट्ट्या किंचित धूसर झाल्या तरी हरकत नाही, उलट त्यांची उजळता ज्या-वक्राच्या (साइन लहरीच्या) जवळ येते आणि गणित सुधारते. पडदा भागापासून जितका दूर, तितकी विचलनाची संवेदनशीलता जास्त, पण धूसरपणाही जास्त.

ताण पाहण्यासाठी दोन ध्रुवक (पोलरॉइडसारख्या फिल्म) एकमेकांना काटकोनात ठेवून मधे भाग ठेवावा. येथे एक सावधगिरी हवी. इंजेक्शन मोल्डिंगने बनलेल्या पॉलिकार्बोनेटमध्ये रंगीत पट्टे जवळजवळ नेहमीच दिसतात, कारण या प्लास्टिकवर ताणाचा प्रकाशीय परिणाम मोठा होतो; ॲक्रिलिकमध्ये तो फारच कमी असतो. म्हणून रंग दिसले की भाग बाद, असा नियम करू नये. चांगल्या ठरलेल्या भागांचा सरासरी नमुना घ्यावा आणि त्यापासूनचा फरक मोजावा.

कॅमेरा आणि लेन्स

भागाभोवती थोडी मोकळी जागा धरून ८४ मिमीचे दृश्य घ्यावे. भाग गोल असल्याने हे दृश्य चित्राच्या लहान बाजूत मावावे लागते. २४४८ × २०४८ बिंदूंच्या ५ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात एक बिंदू सुमारे ४१ मायक्रॉनचा होतो, म्हणजे ०.१ मिमीचा दोष जेमतेम अडीच बिंदूंत मावतो. हे कागदावर पुरते, प्रत्यक्षात कमी पडते. ४०९६ × ३००० बिंदूंचा १२ मेगापिक्सेल कॅमेरा घेतल्यास एक बिंदू सुमारे २८ मायक्रॉनचा होतो आणि तोच दोष साडेतीन बिंदूंत येतो. मी हाच घ्यावा असे सुचवतो. रंगीत कॅमेरा टाळावा, कारण त्यात प्रत्येक बिंदूवर एकच रंग मोजला जातो आणि बारीक तपशील अंदाजाने भरला जातो.

३ मिमी जाडीत दोष कुठेही असू शकतो, म्हणून लेन्सचे छिद्र लहान करून फोकसची खोली वाढवण्याचा मोह होतो. त्याला मर्यादा आहे. छिद्र लहान झाले की विवर्तनामुळे प्रकाश पसरतो; एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. सेन्सरवरचा बिंदू ३.४५ मायक्रॉनचा असेल, तर एफ ८ ला हिरव्या प्रकाशाचा विवर्तनाचा ठिपका सुमारे ११ मायक्रॉन, म्हणजे तीन बिंदूंइतका पसरतो. एफ १६ ला तो दुप्पट होऊन सगळेच धूसर होते. एफ ५.६ ते ८ यांच्या दरम्यान राहावे आणि निळा प्रकाश वापरून थोडी धार परत मिळवावी. कन्व्हेयरच्या पट्ट्यावरून भाग सेकंदाला २०० मिमी वेगाने जात असेल, तर १०० मायक्रोसेकंदांच्या उद्भासनात (एक्स्पोजरमध्ये) तो २० मायक्रॉन सरकतो, म्हणजे एका बिंदूपेक्षा कमी, तेवढे चालते. मात्र अनेक प्रकाशांतील चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसवायची असल्याने भाग क्षणभर थांबवणे शक्य असेल तर तेच करावे.

धूळ

पारदर्शक भागांच्या तपासणीत सर्वांत जास्त चांगले भाग धुळीमुळे बाद होतात. साच्यातून सुटलेल्या प्लास्टिकवर स्थिर विद्युत भार असतो, त्यामुळे ते हवेतील तंतू आणि कण ओढून घेते, आणि डार्क फील्डमध्ये तो तंतू ओरखड्याइतकाच उजळ दिसतो. तपासणीच्या आधी आयनीकृत हवेचा झोत द्यावा. नुसत्या कॉम्प्रेसरच्या हवेने भार उतरत नाही, उलट तिच्यातील तेलाचे थेंब भागावर बसण्याची भीती असते. तरीही शंका राहिली, तर झोताच्या आधी एक आणि नंतर एक असे चित्र घ्यावे: जे हलले किंवा गेले ती धूळ, जे तेथेच राहिले तो बहुधा दोष. खर्च परवडत असेल तर थोड्या वेगळ्या कोनात दुसरा कॅमेरा बसवावा. दोन चित्रांतील स्थानांच्या फरकावरून ठिपका वरच्या पृष्ठभागावर आहे, आत आहे की खाली, हे कळते, आणि जे खरोखर आत आहे ते धूळ असूच शकत नाही.

चित्रांवरून निर्णय

प्रथम प्रत्येक प्रकाशातील चित्र चांगल्या भागाच्या सरासरी चित्राने भागून कडांची सावली व दिव्याची असमानता काढून टाकावी, मग क्षेत्रानुसार वेगवेगळी सीमा लावावी. खरा निर्णय चित्रांच्या जोडीतून होतो. मागच्या प्रकाशात काळा आणि बाजूच्या प्रकाशात जवळजवळ मंद, तो जळका कण. मागच्या प्रकाशात काळे कडे व मधे उजेड, आणि बाजूच्या प्रकाशात चमक, तो बुडबुडा. मागच्या प्रकाशात काहीच नाही, पण बाजूच्या चारांपैकी एका-दोन चित्रांत लांबट रेघ, तो ओरखडा. फक्त पट्ट्यांच्या चित्रातच जो दिसतो तो फ्लो मार्क. एवढ्या साध्या नियमांनी दोषांचा मोठा वाटा हाती लागतो, आणि चूक झाल्यास ती का झाली हेही सांगता येते.

यानंतरच सखोल शिक्षणाकडे (डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल जाळ्यांकडे) वळावे. दोषी नमुने थोडे आणि चांगले भाग भरपूर, अशी स्थिती असल्याने केवळ चांगल्या भागांवर शिकून विसंगती दाखवणाऱ्या पद्धती येथे सोयीच्या ठरतात. या क्षेत्रात तुलनेसाठी वापरला जाणारा २०१९ चा एमव्हीटेक एडी हा चित्रसंच पंधरा प्रकारच्या वस्तूंचा व पृष्ठभागांचा आहे, पण त्यातील बहुतेक अपारदर्शक आहेत. म्हणून त्यावरचे चमकदार गुण पाहून आपल्या कव्हरबद्दल निष्कर्ष काढू नये. जाळ्याला एक चित्र देण्याऐवजी सर्व प्रकाशांतील चित्रे थरांसारखी एकत्र द्यावीत. शिकवण्याचे आणि चाचणीचे भाग वेगळे करताना ते उत्पादनाच्या दिवसानुसार वेगळे करावेत. एकाच भागाची दोन चित्रे दोन्हीकडे गेली, तर निकाल शंभर टक्क्यांच्या जवळ दिसतो आणि प्रत्यक्ष उत्पादनाच्या पट्ट्यावर गेल्यावर कोसळतो.

यंत्राची परीक्षा

औषधनिर्मितीत कुप्यांतील कण डोळ्यांनी तपासण्यासाठी युरोपीय औषधकोशाने २००० ते ३७५० लक्स प्रकाश आणि पांढऱ्या व काळ्या पार्श्वभूमीसमोर प्रत्येकी सुमारे ५ सेकंद असा नियम घातला आहे. त्या क्षेत्रात यंत्र आणि माणूस यांची तुलना नॅप चाचणीने करतात आणि ती आपल्याकडेही तशीच वापरता यावी. साधारण ६० भाग घ्यावेत, त्यांतील निम्मे सीमेवरचे असावेत, आणि प्रत्येक भाग तपासनीसांना ओळख न देता दहा-दहा वेळा दाखवावा. एखादा भाग दहापैकी किती वेळा बाद झाला, ती त्याची बाद होण्याची शक्यता; ७० टक्के किंवा अधिक वेळा बाद होणारे भाग नक्की दोषी मानावेत. नंतर तेच भाग यंत्रातून, दर वेळी उचलून पुन्हा ठेवून, दहा वेळा न्यावेत. नक्की दोषी गटात यंत्राने माणसांइतकी तरी पकड दाखवावी आणि चांगल्या गटात किती भाग वाया घालवले, तो आकडा वेगळा लिहावा. या दोन आकड्यांची बेरीज करून एकच टक्केवारी सांगू नये; ग्राहकाकडे गेलेल्या दोषाची आणि फुकट फेकलेल्या कव्हरची किंमत सारखी नसते.

रोजची निगा

मी पाहिलेल्या एका बसवणीत रोज दुपारी चारच्या सुमारास बाद होणाऱ्या भागांची संख्या वाढत असे. आठवडाभर संगणकातील सीमा बदलून पाहिल्या. शेवटी कळले की छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून त्या वेळी ऊन कॅमेऱ्याच्या खाली उतरत होते. तेव्हापासून काळ्या पत्र्याची पूर्ण बंद पेटी ही मी पहिली अट मानतो. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पाच ठरलेले नमुने, चार दोषी आणि एक चांगला, यंत्रातून न्यावेत आणि एकही चुकला तर उत्पादन तपासणीवर सोडू नये. दिव्यांची उजळता आठवड्यातून एकदा पांढऱ्या पट्टीवर मोजून नोंदवावी, कारण एलईडी हळूहळू मंदावतात.

बाद भागांची चित्रे दोषाचा प्रकार, वेळ आणि साच्यातील कप्प्याचा क्रमांक यांसह साठवावीत आणि ती मोल्डिंग यंत्र चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, पडद्यावर ठेवावीत. चंदेरी पट्टे अचानक वाढले, तर आधी ड्रायर पाहावा: पॉलिकार्बोनेटचे दाणे सुमारे १२० अंश सेल्सिअसला तीन ते चार तास वाळवून ओलावा ०.०२ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. जेवणाच्या सुट्टीनंतर काळे ठिपके दिसू लागले, तर थांबलेल्या बॅरलमध्ये माल जळाला असण्याची शक्यता मोठी आहे आणि पहिले काही शॉट (साच्यात एकेकदा माल भरून निघालेले भाग) बाजूला काढावेत. दोष एकाच कप्प्यातून सतत येत असेल, तर साचा उघडून त्याच कप्प्याचा पृष्ठभाग तपासावा.